पेठेचा गोलकीपर

टायब्रेकरची शेवटची पेनल्टी मारायला पेठेच्या टीमचा कॅप्टन संग्राम पुढे आला, तेव्हा समोर गोलमध्ये इंद्रजित उभा होता. दोघं कोल्हापुरात एकाच गल्लीत फुटबॉल शिकले होते. पण इंद्रजितला दिल्लीतल्या एका मंत्रालयात नोकरी लागली आणि आज तो मंत्रालयाच्या क्लबकडून आपल्याच पेठेविरुद्ध फायनल खेळत होता. त्याचे वडील आप्पा गॅलरीत पेठेचा झेंडा धरून बसले होते.

दडपण आलं की संग्राम गोलकीपरच्या डाव्या बाजूला मारतो, हे इंद्रजितला लहानपणापासून ठाऊक होतं. क्षणभर त्याला वाटलं, आपण उजवीकडे उडी घेतली तर कुणाला कळणार आहे?

संग्राम धावत आला. इंद्रजितने डावीकडे झेप घेतली. बॉल त्याच्या मुठीला लागून बाहेर गेला आणि मंत्रालयाचा क्लब जिंकला. सगळं मैदान चिडीचूप झालं.

"आप्पा, तुमच्या पोरानं पेठंचा कप घालवला," शेजारचा माणूस कडवटपणे म्हणाला.

"मुद्दाम गोल सोडला असता, तर पेठंचं नाव घालवलं असतं," आप्पा म्हणाले.

खाली संग्रामने स्वतः जाऊन इंद्रजितला मिठी मारली. ते बघून आप्पा गॅलरीतल्या पेठेच्या ढोलवाल्यांकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"गप का बसलाय रे? वाजवा की! पोरगं कुठलं हाय?"

"आपल्या पेठंचं!" कुणीतरी ओरडलं, आणि हरलेल्या पेठेचे ढोल कडाडले.