आधीच आत

नमुन्याचं तिकीट रोवेनाने ईवनच्याच नावावर ठेवलं होतं. नवरा जाऊन वर्ष उलटलं, तरी ते नाव बदलायला तिचा हात धजत नव्हता.

लॉन्सेस्टनच्या रिकाम्या नाट्यगृहात ती तिकीट तपासायचं यंत्र विकायला आली होती. "एका तिकिटावर एकच माणूस, तोही एकदाच," व्यवस्थापक ग्लेनिसला सांगत तिने फोनवरचं ते तिकीट यंत्रासमोर धरलं.

यंत्रावर लाल अक्षरं उमटली: ही व्यक्ती आधीच आत आहे.

"पोरी, तुझं यंत्र दारातच रुसलं की," ग्लेनिस हसली. "आत चिटपाखरू नाही. पूस ते आणि पुन्हा कर."

पुसलं की ईवनची नोंद जाणार होती. रोवेनाचा अंगठा बटणावर थांबला.

आत अंधारात घडीची खुर्ची उघडल्याचा आवाज आला. मग त्या खुर्चीच्या शेजारचीही उघडली.