कळ्या धरल्यावर

"आज मी बाहेर येते," सिस्टर म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या हातातला चहा बशीत सांडला.

एरवी हे ऐकून तो घरभर नाचला असता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बायकोने आतली खोली सोडली नव्हती. नर्स म्हणून जन्मभर तिने लोकांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दटावून उभं केलं होतं. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे आणि तिच्या नवऱ्याला ड्रायव्हर; भांडणात तोही तिला सिस्टरच म्हणे. आणि आता तिचं स्वतःचं एकच पालुपद: उद्या बघू. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी टेकीला आली होती. सिस्टर आता उठत नाही, हे ड्रायव्हरने मनातल्या मनात जवळजवळ मान्य केलं होतं.

मग पुढच्या खोलीतल्या खिडकीत होयाच्या वेलीला कळ्या आल्या. कुठल्या तरी दूरच्या, दमट जंगलातली ती वेल. सिस्टरने तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. कोवळं ऊन, पाण्याचा फवारा, हिवाळ्यात खिडकीला पडदा. एवढ्या वर्षांत फूल म्हणून नाही. ड्रायव्हरने बातमी सांगितली तशी ती उशीला टेकून उठून बसली. "मेणाची असतात फुलं," ती म्हणाली. "बघायला हवीत."

तिथेच तो चुकला. त्या संध्याकाळी उत्साहाच्या भरात त्याने कुंडी उचलली आणि थेट तिच्या दारापर्यंत नेली. तिचा डोळा लागला होता. तशीच परत आणून ठेवली. सकाळी बघतो तर कळ्या शर्टाच्या बटणांसारख्या फरशीवर. कळ्या धरल्या की कुंडीला हात लावायचा नाही, हे तिने हजारदा बजावलं होतं. इतका नखरा नव्या नवरीचाही नसतो, असं म्हणून तो हजारदा हसला होता.

तेव्हापासून ती रोज विचारी, "उमललं का?" आणि तो म्हणे, "अजून नाही." तसं ते खोटं नव्हतं.

"आज गारठा आहे गं," तो आता म्हणाला. "उद्या बघू."

"ते माझं वाक्य आहे. वॉकर द्या इकडे."

वॉकर ठक ठक करत निघाला. तो तिच्या पुढे उलटा चालत होता, हात पसरून. जन्मभर बस मागे घेतली, पण काळीज असं कधी धडधडलं नव्हतं. दारात ती थांबली. घामाने कपाळ भिजलं होतं. आताच सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण सांगितलं तर ती इथूनच मागे वळेल. तो आणखी एक पाऊल मागे सरला.

ती खिडकीशी पोचली, गजाला धरून उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"कुंडी फिरली आहे," ती म्हणाली. "पानांची तोंडं खोलीकडे आहेत."

"तुला दाखवायला आणली होती. तू झोपली होतीस. परत ठेवताना..."

तिने वॉकरवरचा दुसरा हात सुटा केला आणि रिकाम्या देठावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी.

"एखादं देठ कापलंत का? वाळलं म्हणून?"

"नाही. भीतीने परत हातच लावला नाही."

"वाचलात. याच देठावर पुन्हा कळ्या धरतात."

तिचे पाय थरथरत होते. त्याने तिच्या पाठीशी हात नेला. "चल, आत नेतो."

"आत कशाला? खुर्ची आणा. तुमच्या भरवशावर हिला सोडून भागायचं नाही. उद्यापासून रोज येऊन बसणार मी इथे."

तो धावतच खुर्ची घेऊन आला. त्याला नीट दिसत नव्हतं. चष्मा पुसायची सोय नव्हती, हात गुंतले होते.

"अहो, तिथे नाही. उजेड अडतोय तिचा. अलीकडे घ्या जरा."

त्याने खुर्ची जराशी अलीकडे घेतली. कुंडीला धक्का लागू दिला नाही.