एकसारख्या चाव्या

नव्या वसाहतीत कोणाचीही चावी कोणाच्याही दाराला लागत होती.

चावी म्हणजे दोन पॉलिमरांच्या मिश्रणाचे नखाएवढे पातळ पटल. काचेवर वितळवून ते थंड केले की त्यात स्फटिकांची चक्रे उमलत, आणि कोणत्याही दोन पटलांत ती सारखी नसत. दार आपल्या चावीची नक्षी ओळखूनच उघडे. त्या भरवशावर लोकांनी लोखंडी कुलपे भंगारात घातली होती.

चोऱ्या वाढल्या तेव्हा चाव्यांच्या कारखान्याचे संचालक डॉ. केळुसकर स्वतः इरावती सोहोनींच्या घरी आले. ही पद्धत इरावतींनी त्याच कारखान्यात नोकरीला असताना शोधली होती. पेटंटवर नाव मात्र एकट्या केळुसकरांचे होते.

"बाई, उद्या चौकशी समिती बसतेय. काय चुकतंय, मला कळत नाही."

"शोध तुमचा, आणि कळायचं मला?"

"टोमणे नंतर मारा हो."

"पेटंटवरचं नाव चुकलंय. आधी समितीला तेवढं कळवा."

केळुसकरांनी घाम पुसत तिथूनच फोन केला. मग इरावतींनी कारण सांगितले.

कारखान्यात तीच काच पुन्हा पुन्हा वापरत. भट्टी पुरेशी तापत नसल्यामुळे काचेला चिकटलेले जुने स्फटिक पूर्ण वितळत नसत, आणि नवे स्फटिक नेमके त्यांच्याच जागी वाढत. वीज वाचवण्यासाठी भट्टीचे तापमान उतरवण्याचा हुकूम केळुसकरांनी दिला होता, इरावतींच्या निरोप समारंभात, सर्वांसमोर. परिणाम काय होणार हे इरावतींना ठाऊक होते. त्या हार घालून घेत गप्प बसल्या होत्या.