मोठ्या चाकांचं मशीन

"सपाट जागेत गवत कापायचं कुठलंही मशीन चालतं," दुकानदार म्हणाला. "तुमच्या चढउतारांना मोठ्या चाकांचं हेच हवं. खास उंचसखल जमिनीसाठीचं."

लेकीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता आणि तिला तो घरामागच्या हिरवळीवरच हवा होता. हिरवळ कसली, गुडघाभर गवत! "शेजारच्या हौसाबाईंना बोलवा, दोन दिवसांत विळ्याने कापतील," बायको म्हणाली. पुण्याच्या व्याह्यांना विळ्याने कापलेलं गवत दाखवायचं? मी मशीन घेतलं.

ते पहिल्याच उंचवट्यावर अडकलं. दुकानदार फोनवर म्हणाला, "आधी जमीन थोडी सारखी करून घ्या." मी जेसीबी बोलावला. संध्याकाळपर्यंत मागची जागा पोळपाटासारखी सपाट झाली आणि गवताची काडीही उरली नाही.

"आता कुठेही अडकायचं नाही," बायको म्हणाली आणि तिने मांडववाल्याला फोन लावला.

साखरपुड्याला मांडववाल्याने अंथरलेल्या हिरव्यागार प्लॅस्टिकच्या गालिच्यावरून व्याह्यांनी दारातूनच कौतुकाने नजर फिरवली. "वा! काय एकसारखं कापलंय गवत. मशीन कुठलं घेतलंत?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"उंचसखल जमिनीसाठीचं," मी म्हणालो. "खास."