दुलईची खालची बाजू

"हिला जरा उलटी करूया," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि भाची टेबलापासून एक पाऊल मागे सरकली.

तोवर सगळं झकास चाललं होतं. टेबलावर दुलई पसरली होती. दुलई म्हणजे मावशीची पर्शियन मांजर. धुरकट राखाडी रंग, तांब्याचे डोळे आणि बंद दारावर धडकल्यासारखं चपटं नाक. नाक कसलं, नाकाची नुसती खूण. पण त्या खुणेवरही ती माशी बसू द्यायची नाही. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवून "रेशीम आहे अगदी" असंही म्हटलं. भाचीनं ते कौतुक आपल्याच पाठीवर झेललं. टेबलाच्या कडेला दुलईच्या खानदानाचा कागद होता, पार पणजी-खापरपणजीपर्यंतचा, आणि त्यावर मालकाचं नाव बदलायचा अर्ज. मांजर तपासून बाईंची सही झाली की मावशीचं नाव जाऊन भाचीचं लागणार होतं.

हे मावशीनंच ठरवलं होतं, डोळे पुसत पुसत. दोन महिन्यांपूर्वी तिचं मनगट मोडलं. एका हातानं दुलईचे केस विंचरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग शाळा सुटली की भाची यायला लागली. मावशीनं तिला सगळं शिकवलं. वरचे केस मऊ असतात, ते फसवतात. खाली लोकरीसारखा दुसरा थर असतो, तो गुंततो. म्हणून स्टीलची फणी घ्यायची, केसांचे पदर उलगडत मुळापर्यंत जायचं. पोट, काखा, शेपटीखालची जागा रोज. डोळ्यांखालचं पाणी ओल्या कापसानं टिपायचं. आणि विंचरून झाल्याशिवाय अंघोळ म्हणून घालायची नाही.

भाची दुलईचे डोळे मन लावून टिपायची. पाठ आणि शेपटी तर अशी विंचरायची की नुसता पिसारा व्हायचा. पण फणी पोटाकडे वळली की दुलई गुरगुरायची. मग भाची म्हणायची, राहू दे, उद्या बघू. आठवड्याभरात ते उद्या म्हणायचंही राहून गेलं. मावशीनं आतून विचारलं, पोट झालं का, की ही खणखणीत आवाजात "झालं" म्हणायची. गेल्या रविवारी तर तिनं दुलईला वरून शांपू चोळून अंघोळ घातली, ड्रायरनं फुलवली आणि तिचे फोटो दाखवून वर्गात आठवडाभर भाव खाल्ला.

नेमकी तेव्हाच दुलई मावशीवर रुसली. मावशीचं प्लास्टर निघालं. तिनं आसुसून दोन्ही हातांनी दुलईला उचललं, तर दुलईनं तिला रक्त येईपर्यंत बोचकारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चावलीच. भाची आली की मात्र आपणहून तिच्या मांडीवर चढून घुरघुरत बसायची. सात वर्षांची माया दोन महिन्यांत आटली, मावशी म्हणाली. तिनं तिचं माणूस निवडलंय, घेऊन जा तिला. भाचीनं चेहरा पाडला खरा, पण आतून ती हवेत होती.

आता डॉक्टरीणबाईंनी दुलईला सराईतपणे उताणी केली आणि काखेतले केस बोटांनी बाजूला करायला गेल्या. ते बाजूला झालेच नाहीत. दोन्ही काखांपासून पोटापर्यंत एकच जट झाली होती, पायपुसण्यासारखी घट्ट. कडेची कातडी लालभडक होती. बाईंचा आवाज बदलला. गाठींसकट अंघोळ घातल्यामुळे त्या आणखी आवळल्या आहेत, म्हणाल्या. आता केस कापायच्या मशीननंच उतरवायला हव्यात. हिला रोज विंचरतं कोण, त्यांनी विचारलं.

"माझीच मांजर आहे," शेजारी उभी असलेली मावशी घाईनं म्हणाली. "पोरीला काही बोलू नका. ती बिचारी रोज राबते. माझाच हात मोडला, तेव्हाच गुंतलं असणार."

मग बाई मावशीला बोलल्या. सात वर्षं मांजर पाळता आणि एवढं कळू नये? मावशी गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत राहिली. तिच्या हातावरचे ओरखडे अजून ओले होते. भाची वजनकाट्यावरचे आकडे वाचत उभी होती. एक शब्द बोलली तर दुलई गेली. गप्प राहिली तर दुलई आज संध्याकाळी तिच्या घरी, तिच्या पलंगावर.

मशीन चालू झालं. जट सुटत गेली, तसं खालचं गुलाबी पोट दिसायला लागलं, पाखराच्या पिलासारखं केविलवाणं. काखेत हात घालून उचललं की सगळी कातडी ओढली जात असणार, बाई जरा नरमून म्हणाल्या. मावशीनं दुलईच्या कपाळावर अलगद बोट टेकवलं. म्हणजे इतके दिवस मीच तुला दुखवत होते होय गं, असं ती हळूच पुटपुटली.

बाईंनी अर्ज पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. भाचीनं अर्जावर तळहात ठेवला.

"नाव मावशीचंच राहू द्या."

"अगं, वेडी का तू?" मावशी म्हणाली. "तिला तूच आवडतेस. तुला एकदा तरी बोचकारलंय का तिनं?"

"कशी बोचकारेल, मावशी? तिला दुखत होतं, तिथे मी कधी हातच लावला नाही."