नर्मदेच्या चपला

पुढे चाललेली बाई नर्मदाच होती. पण पायांत चप्पल नव्हती.

नागोराव रस्त्याकडेच्या शिरीषाआड थांबला. वैशाखाची दुपार. सरावलीचा डांबरी रस्ता असा तापलेला, की कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीतून चालत होती. सावली दिसली की त्याची बायको उभी राहायची, एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा चोळायची आणि पुन्हा चालू लागायची. काखेतल्या पिशवीतून नव्या चपलांच्या टाचा डोकावत होत्या. चपला पिशवीत आणि पाय निखाऱ्यावर! नागोरावाला आधी रागच आला. एवढं जपायला सोन्याच्या आहेत का त्या?

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो अंतर राखून तिच्या मागं चालू लागला.

एशियाड झालं त्या साली मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात त्याची कवटी उघडून गाठ काढली होती. गाठ गेली, जीव वाचला, डोकं दुखायचं मात्र थांबलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही वर्षं दुखेल, कदाचित जन्मभरही. गोळ्या घेत राहा. तो कामाला होता त्या कापडाच्या कारखान्यात हे कुणाला पटेना. त्याला मागावरून काढून फाटकावर राखणीला बसवलं होतं ना, मग झालंच. गाठ काढल्यावर दुखायला उरलंय काय, असं विचारायचे. कुणी तर तोंडावर म्हणायचे, हलक्या कामासाठी सोंग करतोय. आता जे दिसतच नाही, ते दुखणं दाखवणार कसं? नागोरावानं त्याबद्दल बोलणंच टाकलं.

नर्मदेनं मात्र मानलं. ती परभणीकडची, इकडचे देव तिच्या ओळखीचे नव्हते. शेजारच्या ठकीनं सुचवलं म्हणून ती डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलली. धन्याचं डोकं दुखायचं थांबेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात ती कामाला जायची ते याच रस्त्यानं. लोखंडाचा कीस, काचा आणि वर हे डांबर. एकदा तिच्या तळव्यातून रक्त आलेलं नागोरावानं बघितलं आणि तो धडधडीत खोटं बोलला. थांबलं म्हणाला. कितीतरी दिवस काही म्हणजे काही नाही, पावली बघ तुझी देवी. नर्मदा रडली, जाऊन ओटी भरून आली. त्यानं हौसेनं बोईसरच्या बाजारातून तिला चपला आणल्या.

त्या दिवसापासून दुखणं त्याच्या एकट्याचं झालं. बऱ्या झालेल्या माणसाला घरात कण्हता येत नाही, गोळी घेता येत नाही. पाळी सुटली की तो बन्सीच्या टपरीवर चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायचा, नाल्याच्या कठड्यावर डोकं धरून बसायचा आणि जरा उतार पडला की शीळ घालत घरी जायचा. एवढं एकटं त्याला दवाखान्यातही वाटलं नव्हतं. तिथं निदान शेजारच्या खाटेवर कण्हणारा कुणीतरी होता.

आज डोकं फुटायची वेळ आली म्हणून तो अर्ध्या पाळीतूनच निघाला होता, आणि पुढे ही दिसली.

चाळीचा कोपरा आला. नर्मदेनं इकडंतिकडं पाहिलं, पिशवीतून चपला काढल्या, पायांत सरकवल्या आणि फटक फटक वाजवत आत गेली.

नवस चालूच होता. म्हणजे डोकं दुखतंय हे तिला ठाऊक होतं, आणि त्याच्या खोट्याचा मान राखायला ती घरापुरत्या चपला घालत होती. नागोरावाला भडभडून आलं. आपण तिचे पाय वाचवले असं समजून तो बिचारा शीळ घालत होता.

तो दारात आला तेव्हा ती चूल पेटवत होती. एवढ्या लवकर कसे, असं तिनं विचारलं नाही. रोजचंच विचारलं, "डोकं कसं हाय आज?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. डोक्याला काय धाड भरलीय, असं म्हणून तो हसायचा. आज त्याला हसू आलं नाही.

"दुखतंय," तो म्हणाला. "थांबलंच नव्हतं कधी."

नर्मदा उठली. दारातल्या चपला उचलून तिनं वर फळीवर ठेवून दिल्या. माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर धरला.

"खिशातली गोळी काढा, पाण्यासंगं घ्या," ती म्हणाली. "त्या बन्सीच्या चहासंगं घेता, मग पोट जळतं तुमचं."