आपणहून

पाद्री आडालमार टेकडी चढून आल्फ्रूनच्या झोपडीत शिरला, तेव्हा म्हातारीच्या कपाळाला अजून राख होती आणि ती शांतपणे जवाची पेज ढवळत होती.

"आजी, काय करून बसलीस हे!"

"नवऱ्याला जाळलं. आमच्यात जाळतात," ती म्हणाली. "पेज घेणार?"

मेलेल्याला पुरायचं, जाळायचं नाही; जाळील त्याचं मुंडकं उडवायचं. फ्रँकांच्या राजानं सॅक्सन मुलुख जिंकून तिथे हा कायदा लावला होता. देवाच्या प्रेमापोटी लावला होता म्हणे. सकाळचा धूर सगळ्या खोऱ्यानं पाहिला होता आणि सरदाराचा शिपाई घोड्यावरून निघालाही होता.

"एक वाट आहे," आडालमारला धाप लागली होती. "गुन्हेगार आपणहून पाद्रीकडे आला, सगळं कबूल केलं, तर पाद्रीच्या साक्षीवर जीव वाचतो. कायद्यातच आहे तसं. चल चर्चमध्ये, शिपाई यायच्या आत."

"कबूल करायला मी काय चोरी केलीय? आणि माझे गुडघे बघितलेस का? तूच आलायस ना इथं? सांग त्याला, म्हातारी येऊन गेली म्हणून."

"संताच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घ्यावी लागते, आजी."

"मग?"

"मग घेईन. खोटी घेईन. आणि नरकात जाईन."

तो धमकी देत नव्हता, हे तिला कळलं. चार हिवाळ्यांपूर्वी हा फ्रँक पोरगा गावात आला तेव्हा कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, वुल्बर्ननंच, त्याला घरात घेतलं, मासे धरायला शिकवलं. याला जीव लावायचा नाही, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. ते काही दोघांनाही जमलं नाही.

"तुझा तो नरक खरा आहे का रे?"

"माझ्यासाठी आहे."

"भलताच हट्टी." तिनं पेज खाली उतरवली आणि काठी घेतली.

झोपडीपासून चर्च दोनशे पावलांवर. तिला हात द्यायची सोय नव्हती. पाद्रीनं ओढून आणली, असं शिपाई म्हणाला असता. आडालमार पळत पुढे गेला आणि चर्चच्या दारात, चालायला शिकणाऱ्या पोरासमोर धरतात तसे हात पसरून उभा राहिला. ती दोनदा खाली बसली. दोन्ही वेळा त्यानं पाऊल उचललं आणि मागे घेतलं. खाली ओढ्यापाशी घोडा दिसायला लागला.

"ये गं," तो पुटपुटत होता. "ये गं माझे आई."

उंबरठ्याच्या आत येताच ती त्याच्या अंगावर कोसळली.

"बोल लवकर. ज्याचं वाईट वाटतं ते बोल. पण खरं बोल."

तिनं दम खाल्ला. "त्याला मीच जाळलं. त्याचं वाईट नाही वाटत. तुला बोलावलं नाही, त्याचं वाटतं. तुझाही होता तो."

शिपाई आत आला तेव्हा पाद्रीचे गाल ओले होते.

"आपणहून आली का ही?"

आडालमारनं अस्थींच्या पेटीवर हात ठेवला. "स्वतःच्या पायांनी."

"पश्चात्ताप?"

"झालाय."

"कशाचा?"

"ते तिनं देवाला सांगितलंय."

शिपायानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तो घोड्याला पाणी पाजायला निघून गेला.

टापांचा आवाज ओढ्यापर्यंत पोचला. मग पाद्रीनं एकदा दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आजी, लाकडं कोरडी होती ना?"

"ओकची होती. दोन वर्षं त्यानंच वाळवत ठेवली होती."